सॉरी संपलेल्या बाई

जपानात उभा जन्म काढून एकदाही कुणापुढे न वाकलेलं माणूस मी एकच पाहिलं. त्या राहायच्या ओजिमा भागातल्या आमच्या वसाहतीत, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. इथली सगळी मराठी मंडळी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. लिफ्टपाशी एखादे जपानी आजोबा भेटले आणि त्यांनी कमरेतून लवून नमस्कार केला, तर बाई ताठ उभ्या राहून 'हं, बोला' अशा नजरेनं बघायच्या. आजोबा बिचारे आणखी थोडे वाकायचे. बाई तरीही नाही.

कारण विचारलं तर दर वेळी नवीन. एकाला सांगितलं, मानेचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याला सांगितलं, लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले. मला म्हणाल्या, "अगं, मातीतले जीवाणू शोधण्यात नोकरी गेली माझी. सगळं वाकणं शेतात आणि मायक्रोस्कोपवर खर्च झालं. आता शिल्लक नाही." हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मी बरेच दिवस खरं मानून चालले होते.

पुण्याहून डॉक्टरेटसाठी आल्या, इथल्या एका संशोधन संस्थेत राहिल्या, तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न नाही. पायात पुरुषी बूट, अंगात सलवार-कमीज, वर कुठल्यातरी कोळ्याचा असावा असा पिवळा रेनकोट, ऊन असो की पाऊस. जपानी भाषेत माणसागणिक आदराच्या पायऱ्या असतात. बाईंनी त्या पायऱ्या कधी चढल्याच नाहीत. पोस्टमन असो, डॉक्टर असो, वॉर्ड ऑफिसचा साहेब असो, सगळ्यांशी सरळ अरे-तुरे.

नवीन आलेल्या आमच्यासारख्यांना त्या रविवारी घरी जपानी शिकवायच्या. पहिल्याच दिवशी सांगायच्या, "तीन शब्द पुरतात. 'हाय' म्हणजे हो, 'ईये' म्हणजे नाही आणि 'नान्दे' म्हणजे का. त्यातला तिसरा सढळ हातानं वापरायचा." माझ्या नवऱ्यानं भाबडेपणानं विचारलं, "आणि बाई, सुमिमासेन?" आता सुमिमासेन म्हणजे माफ करा, आणि त्याशिवाय या देशात पाणीसुद्धा मागता येत नाही. बाई त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की तो खुर्चीत आकसला. "इथं सॉरीचा स्टॉक संपलाय," त्या म्हणाल्या. "उद्या या."

हे वाक्य त्यांचं पेटंट होतं. इथं जळणारा आणि न जळणारा कचरा वेगवेगळ्या दिवशी टाकायचा असतो. चुकीच्या दिवशी टाकला की पिशवी उचलत नाहीत, तिच्यावर लाल स्टिकर चिकटवून तशीच ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. आमच्यातल्या कुणाचं असं झालं की तो अंधार पडायची वाट बघून पिशवी आत आणतो. बाई भर सकाळी जायच्या, स्टिकर अलगद सोडवायच्या आणि घरी फ्रिजवर लावायच्या. फ्रिजचं दार लाल झालं होतं. वसाहतीच्या संघटनेचे अध्यक्ष समजवायला आले, तर त्यांना आत बोलावून फ्रिज दाखवला. वर म्हणाल्या, यातलं हे कढीपत्त्याच्या काडीचं आहे, ती जळते की नाही ते तू सांग. अध्यक्ष 'विचारून सांगतो' म्हणून गेले ते परत आले नाहीत.

त्यांच्याशी पटवून घेणं सोपं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की सगळे त्याला गोड करून टाकतात. बाई गोड नव्हत्या. एकदा माझ्या पोळ्यांना सगळ्यांसमोर 'लॅमिनेट' म्हणाल्या होत्या, ते मी अजून विसरलेले नाही.

आमची ओवी तेव्हा दुसरीत होती. ओवीला ऑटिझम आहे. ती स्वतःहून फार बोलत नाही, पण ऐकलेलं जसंच्या तसं म्हणते, आणि तिचं सगळ्यात आवडतं म्हणजे ट्रेनमधली अनाउन्समेंट. "दोआ गा शिमारिमास. गोचूई कुदासाई." दारं बंद होत आहेत, काळजी घ्या. जेवताना, अंघोळीत, झोपेत सुद्धा. मी मराठीत विचारावं, "ओवी, अजून भात?" आणि तिनं सांगावं की दारं बंद होत आहेत.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सरकारी शाळेत ती जायची. शाळा लांब होती, पण शाळेची बस होती. बस वसाहतीच्या कोपऱ्यावर, कॉइन लाँड्रीसमोर थांबायची. ओवीचं त्या बसवर जिवापाड प्रेम होतं. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच बूट घालून बसायची. आमच्याशिवाय ती एकटी जायची अशी ती जगातली एकच जागा. आणि माझ्या दृष्टीनं सांगायचं तर ती बस होती म्हणून माझी तोयोसुतली नोकरी होती. नाहीतर ऐन गर्दीच्या वेळी ट्रेन बदलत तिला शाळेत सोडायचं, परत आणायचं, आणि मधल्या वेळात सॉफ्टवेअर टेस्ट करायचं, हे कुणाच्या बापाला जमलं नसतं.

बाईंचा आणि आमच्या बसस्टॉपचा तसा काही संबंध नव्हता. पण लाँड्रीसमोर सकाळचं ऊन यायचं. बाई घडीची खुर्ची घेऊन तिथं येऊन बसायच्या, थर्मासमधला चहा प्यायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना निरखायच्या. ओवी त्यांना 'इसु' म्हणायची. इसु म्हणजे खुर्ची. बाईंना हे नाव फार पसंत होतं. "माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच वस्तुस्थिती बोललं," म्हणायच्या.

तर दुसरीच्या मध्यावर ओवीचं बसमध्ये बिनसलं. ती बेल्ट काढायला लागली, बूट काढून फेकायला लागली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारच्या सीटवरच्या केन्ताच्या कानाला चिमटे काढायला लागली. केन्ता लहानखुरा, शांत मुलगा. रडायचा सुद्धा आवाज न करता. बसमध्ये निळी टोपी घातलेल्या एक मदतनीस असायच्या. त्या रोज संध्याकाळी ओवीला उतरवताना हळू आवाजात, जणू चूक त्यांचीच आहे अशा तऱ्हेनं, आजचा चिमटा सांगायच्या. आणि मी वाकायचे.

वाकायचे म्हणजे किती, हे सांगायला हवं. संध्याकाळी तर वाकायचेच, पण दुसऱ्या दिवशी सकाळीही. ओवी बसमध्ये चढली की मी दाराशी उभी राहून ड्रायव्हरला वाकायचे, मदतनिसांना वाकायचे, खिडकीतल्या केन्ताला वाकायचे, मग पुन्हा मदतनिसांना. कालच्याबद्दल सुमिमासेन. आज काही झालं तर त्याबद्दलही आधीच सुमिमासेन. आपण परक्या देशात आहोत, आपल्या मुलीमुळे लोकांना त्रास होतोय, निदान रीत तरी चुकू नये, एवढंच माझ्या डोक्यात. ऑफिसातल्या तानाका-सानांनी माझ्या वाकण्याचं कौतुक केलं होतं. परदेशी माणसाला इतकं नीट जमत नाही म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला होता.

बाई खुर्चीवरून हे सगळं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तुला कंबरदुखी होईल." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला मूल असतं म्हणजे कळलं असतं." हे मी बोलून गेले. त्यांनी चहाचा घोट घेतला.

मग केन्ताच्या कानातून रक्त आलं. जरासंच, नखाचं. पण आलं. मी त्या शनिवारी मोठ्या दुकानात जाऊन लाल चवळीच्या मिठाईचा खोका आणला. असा खोका घेऊन माफी मागायला घरी जायची इथली पद्धत आहे. कागद कोणत्या रंगाचा हवा, हे सुद्धा विचारून आणला. निघाले तर खाली बाई.

"काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं बघायला मागतायत. खोका घेतला, कागद टराटरा फाडला, खुर्चीवर बसल्या आणि एक वडी तोंडात टाकली.

"बाई, अहो काय करताय?"

"छान आहे. तू पण घे."

मला रडूच कोसळलं, आणि रागही असा आला की तो खोका त्यांच्या डोक्यावर आपटावा. मी म्हटलं, "त्या मुलाला रक्त आलंय. माझ्या मुलीनं काढलंय."

"मग त्या मुलाला जाऊन भेट. त्याचा कान बघ, त्याला म्हण, तुला दुखलं ना. त्याच्या आईच्या पायऱ्या कशाला झिजवतेस? कान आईचा आहे का?" दुसरी वडी उचलत त्या म्हणाल्या, "आणि ओवी अशी आहे याबद्दल सॉरी म्हणायला जाणार असशील, तर मी खोका संपवेपर्यंत इथून हलत नाही."

मग बऱ्याच वेळानं, वड्या चघळत, समोर लाँड्रीच्या काचेकडे बघत बोलल्या. त्यांना एक मोठा भाऊ होता. ओवीसारखाच. घरी पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायचे. तो आतून दार वाजवायचा. "आणि आई बाहेर चहा देता देता सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणायची. पाहुण्यांना हं. त्याला कुणी कधी म्हणालं नाही." एवढंच. पुन्हा कधी हा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी फूटपाथवर बसून उरलेल्या वड्या खाल्ल्या.

सोमवारी संध्याकाळी बस थांबल्यावर केन्ताच्या खिडकीशी गेले. म्हटलं, "कान दुखला ना?" त्यानं टोपी वर करून कान दाखवला. चांगला वेळ दाखवला. आजवर त्याला कुणी विचारलंच नसावं.

पण शाळेचा फोन आला तो आलाच. मीटिंग होती. फोनवर वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, 'काही दिवस' ओवीला पालकांनी स्वतः आणावं असा विचार चालू आहे. इथं राहिलेल्या कुणालाही विचारा, 'काही दिवस' म्हणजे कायमचं. नवरा ओसाकाला क्लायंटकडे होता. मी निघाले तर पिवळा रेनकोट घालून बाई तयार.

शाळेत एक उपमुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि निळ्या टोपीच्या मदतनीस, टोपी मांडीवर घेऊन. उपमुख्याध्यापकांनी नम्रपणे विचारलं, या कोण? बाई म्हणाल्या, "आजी." मी चपापले. धडधडीत खोटं, आणि बोलताना पापणी लवली नाही.

मी उठून उभी राहिले, हात मांड्यांवर ठेवले आणि वाकायला लागले. तर कपाळावर काहीतरी गार लागलं. बाईंचा तळवा. बसल्या जागेवरून हात वर करून त्यांनी माझं कपाळ अडवलं होतं आणि ते सोडत नव्हत्या. "खाली बस," मराठीत म्हणाल्या. "स्टॉक संपलाय." समोरच्या तिघांनी टेबलाकडे बघितलं. मी बसले.

मग बाईंनी आपल्या त्या बिनपायऱ्यांच्या जपानीत विचारायला सुरुवात केली. पोरगी चिमटा कधी काढते?

बसमध्ये चढल्यावर, मदतनीस म्हणाल्या.

चढल्या चढल्या?

नाही. आधी छान बसते. मग ट्रेनची अनाउन्समेंट म्हणते. आधी हळू, मग जोरात, मग कानावर हात ठेवून किंचाळते, आणि मग चिमटा.

"कुठली अनाउन्समेंट?"

"दोआ गा शिमारिमास."

"आणि तेव्हा दार बंद असतं?"

मदतनिसांनी मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाल्या, उघडं असतं.

"बाकीच्या स्टॉपवर?"

मूल चढलं की लगेच बंद करतो.

"मग आमच्या स्टॉपवर उघडं का? नान्दे?"

वर्गशिक्षिका मध्ये पडल्या, कदाचित आईपासून दूर जाण्याचा ताण असेल वगैरे. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मदतनिसांकडे बघत पुन्हा, "नान्दे?" मदतनिसांचे कान लाल झाले होते. टोपीची कड चाचपत त्या शेवटी पुटपुटल्या, "आई... नमस्कार करत असतात."

 मला कळायला थोडा वेळ लागला. बसचं दार उघडं असेपर्यंत वर एक बझर वाजत राहतो, पीं पीं पीं. ओवीची सीट पहिली, बरोबर त्या बझरखाली, मदतनिसांचं लक्ष राहावं म्हणून. असे आवाज तिला सोसत नाहीत, घरात मिक्सर लावायच्या आधी मी तिला गॅलरीत पाठवते. आणि रोज सकाळी मी खाली उभी राहून वाकायचे. मी वाकते म्हणून मदतनीस वाकायच्या, त्या वाकतात म्हणून मी पुन्हा. वाकलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं कुठल्या जपानी माणसाला जमेल? बझर वाजत राहायचा. आणि माझी पोर सगळ्यांना स्वच्छ शब्दांत सांगत होती की दार बंद करा. त्या बसमध्ये सरळ बोलणारी ती एकटीच होती, आणि आम्ही सगळे तिच्या वतीनं एकमेकांची माफी मागत होतो.

मला रडू आलं नाही. संताप आला, माझ्या त्या नीट वाकण्याचा, तानाका-सानांच्या कौतुकाचा, सगळ्याचा. बाई मात्र जिंकल्यासारख्या वगैरे दिसत नव्हत्या. "इथं चहा देत नाहीत का?" एवढंच विचारलं.

उपमुख्याध्यापक म्हणाले, तर मग थोडं बघू या, सुट्टी लागेपर्यंत बस चालू ठेवू. बाई त्यावरही 'सुट्टी लागेपर्यंतच का' असं विचारायच्या बेतात होत्या, मी त्यांना कोपरानं ढोसलं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला जन्मभर पुरेल. ठरलं असं होतं की ओवीचा पाय पायरीवर पडला की मी पाठ फिरवायची आणि स्टेशनकडे चालू लागायचं. हात हलवायचा नाही, मान हलवायची नाही. आमच्या स्टॉपवर दुसऱ्या दोन जपानी आया असायच्या. दार लागलं की बस वळणाआड जाईपर्यंत वाकून उभं राहायची त्यांची रीत. त्यांच्यासमोर मी असं जायचं म्हणजे भर कार्यात ताटावरून उठून जाण्यासारखं.

ओवी चढली. मी वळले. मान तापली होती, कुणीतरी इस्त्री धरल्यासारखी. "मागे बघायचं नाही," खुर्चीतून आवाज आला. "सरळ स्टेशन." मागे बझर दोनदा पींपीं करून थांबला. दार लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बस माझ्या बाजूनं गेली. खिडकीत ओवी होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. समोर बघत होती, दोन्ही हात मांडीवर, बस तिचीच असल्यासारखी.

संध्याकाळी मदतनिसांनी ओवीला उतरवलं आणि म्हणाल्या, "आज फक्त बूट." मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. काचेतून हसल्या. त्यांच्या नोकरीतला तो पहिलाच उद्धटपणा असणार.

सगळं नीट झालं असं काही नाही. पुढच्या स्टॉपवर कुणाला उशीर झाला, दार उघडं राहिलं, की पुन्हा व्हायचं. मग मदतनीस आधीच ओवीच्या कानावर जाड हेडफोन चढवायला लागल्या. केन्ताची सीट मागे नेली. ओवीनं बेल्ट उघडू नये म्हणून बकलवर प्लास्टिकचं कव्हर घालायचं ठरलं, तेव्हा बाई भडकल्या. "बांधताय तिला?" मी म्हटलं, "बाई, चालत्या बसमध्ये ती उभी राहते. कव्हर राहणार." त्या वाद घालत राहिल्या, मी 'ईये' म्हणत राहिले. शेवटी खुर्ची मिटून घरी जाताना म्हणाल्या, "चला, दुसरा शब्द आला तुला." सुट्टी लागली, संपली. बसमधली जागा गेली नाही. ती आजही आहे.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात संपलं. इथं नात्याचं कुणी नव्हतं. पुण्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, तुम्हीच काय ते करा. आम्ही मराठी मंडळींनी मिळून सगळं केलं. आदल्या दिवशी आमच्यातल्याच एका वहिनींचा फोन आला. फार प्रेमानं बोलल्या. "ओवीला कुणाकडे तरी ठेव गं. तिथं फार शांत असतं. जपानी लोक पण येतील. तिनं काही केलं तर उगाच..." मी म्हटलं, "वहिनी, ती येणार आहे. ती त्यांची नात आहे." खोटं कसं बोलायचं ते मी बाईंकडूनच शिकले होते.

दहनगृहात खरंच फार शांत होतं. संघटनेचे अध्यक्ष आले होते. निळी टोपी हातात घेऊन मदतनीस आल्या होत्या. पेटी आत गेली. पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी पोलादी दाराशी उभा राहून खोल वाकला. त्याच्याबरोबर सगळे वाकले. तो वाकलेलाच राहिला, म्हणून सगळे वाकलेले राहिले. दार उघडंच.

"दोआ गा शिमारिमास," ओवी म्हणाली. खणखणीत आवाजात. "गोचूई कुदासाई."

सगळ्या माना वर झाल्या आणि आमच्याकडे वळल्या. माझी मान आपोआप खाली जायला निघाली. 'सु' दातांपर्यंत आलाच होता. कपाळावर या वेळी कुणाचा हात नव्हता. मी ओवीचा हात धरला आणि ताठ उभी राहिले. कर्मचाऱ्यानं क्षणभर ओवीकडे पाहिलं, सरळ झाला आणि बटण दाबलं. दार बंद झालं.

मागून वहिनी माझ्या वतीनं सगळ्यांना हळूच म्हणाल्या, "सुमिमासेन."

मी वळले आणि चारचौघांत, मराठीत, मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, सॉरीचा स्टॉक संपलाय. उद्या या."